रन म्हणजे फक्त धावणं नाही, मग इतके अर्थ डोक्यात बसवायचे कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे की शाळेत रन म्हणजे धावणे एवढंच शिकवलं, आणि आता ऑफिसात कोणी म्हणतं 'वी आर रनिंग लेट', साहेब म्हणतात 'रन इट बाय मी फर्स्ट', बातमीत कोणीतरी 'रनिंग फॉर प्रेसिडेंट' असते, डॉक्टरच्या कागदावर पेशंट 'रनिंग अ टेंपरेचर' असतो, आणि यात प्रत्यक्ष धावत कुणीच नाहीये. डिक्शनरी उघडली तर पानंच्या पानं भरलेली. मग हे सगळं पाठ करायचं का? आणि 'हॅज रॅन' बरोबर की 'हॅज रन'?

मी बरीच वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतराचं काम करतोय आणि नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतोय, त्यामुळे हा शब्द जवळजवळ रोज समोर येतो. आधीच सांगतो, यादी पाठ करायच्या भानगडीत अजिबात पडू नका, ते कुणाच्याच आवाक्यातलं नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात मोठी नोंद 'सेट' या शब्दाची होती, आणि नव्या आवृत्तीचं काम करताना २०११ च्या सुमारास 'रन'ने त्याला मागे टाकलं, नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले. पीटर गिलिव्हर नावाच्या कोशकाराने या एका शब्दावर जवळपास नऊ महिने काम केलं. तेव्हा तुम्हाला हा शब्द अवघड वाटत असेल तर ते साहजिकच आहे.

पण या ६४५ अर्थांच्या बुडाशी चित्र एकच आहे आणि ते पायाने पळण्याचं नाहीये. एखादी गोष्ट एकदा सुरू झाली की ती आपल्या वाटेनं न थांबता पुढे जात राहते, हे ते चित्र. जुन्या इंग्रजीत या शब्दाचं जे रूप होतं, साधारण 'रिनान' असं, त्याचा अर्थ पळणं पण होता आणि वाहणं पण. जर्मनमध्ये आजही हे दोन अर्थ दोन शब्दांत वेगळे राहिलेत, 'रेनेन' म्हणजे पळणं आणि 'रिनेन' म्हणजे पाणी वगैरे वाहणं, ओघळणं. इंग्रजीत मात्र दोन्ही एकाच शब्दात मिसळून गेले. म्हणून वाहण्याचा अर्थ हा नंतर चिकटलेला वगैरे नाही, तो पहिल्यापासून त्यात आहेच. पुढे यंत्रं आली, आगगाड्या आल्या, मग कॉम्प्युटर आले, आणि प्रत्येक वेळी जे काही अखंड चालू राहतं त्याला इंग्रजांनी हाच शब्द लावला.

आता आपल्या फायद्याची गोष्ट म्हणजे मराठीत हे काम बऱ्याच ठिकाणी 'चालणे' करतं. मराठीत यंत्र चालतं, धंदा चालतो, नाटक दोन वर्षं चालतं, कोर्स जूनपासून मार्चपर्यंत चालतो, इंजिन डिझेलवर चालतं, बाई शाळा चालवतात, आणि या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत रन बसतो. 'द प्ले रॅन फॉर टू इयर्स', 'द कोर्स रन्स फ्रॉम जून टू मार्च', 'द इंजिन रन्स ऑन डिझेल', 'शी रन्स अ स्कूल'. म्हणजे जिथे आपली निर्जीव वस्तू चालते तिथे त्यांची धावते, एवढं लक्षात आलं की अर्धे अर्थ आपोआप सुटतात, मी क्लासमध्ये पहिल्या दिवशी हेच सांगतो.

पण ही किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही आणि कुठे लागत नाही ते नीट बघायला हवं कारण चुका तिथेच होतात. गाडी चालवणे म्हणजे रन नाही, ती 'ड्राइव्ह', सायकल 'राइड', विमान 'फ्लाय'. 'आय रन अ कार' हे वाक्य चुकीचं नाही पण त्याचा अर्थ वेगळा आहे, ब्रिटिश माणूस असं म्हणतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं की माझ्याकडे गाडी आहे आणि तिचं पेट्रोल, विमा, दुरुस्ती हा सगळा खर्च मी करतो. तसंच 'चालेल' म्हणजे रन नाही, तिथे 'दॅट्स फाइन' किंवा 'दॅट विल डू'. काय चाललंय म्हणजे 'व्हॉट्स गोइंग ऑन'. दिवा चालू आहे म्हणजे 'द लाइट इज ऑन', कारण दिव्यात काही फिरत नाही, हलत नाही. पंख्याला दोन्ही म्हणता येतं, 'ऑन' म्हटलं की बटण दाबलेलं आहे आणि 'रनिंग' म्हटलं की तो खरंच फिरतोय.

इथेच अजून एक जोडी आहे जी फार लोक एकमेकांच्या जागी वापरतात, 'वर्क' आणि 'रन'. 'द मशीन वर्क्स' म्हणजे मशीन नादुरुस्त नाही, सुरू केलं तर काम करेल. 'द मशीन इज रनिंग' म्हणजे ते या क्षणी सुरू आहे. त्यामुळे 'इट वर्क्स, बट इट इजन्ट रनिंग राइट नाऊ' हे अगदी सरळ वाक्य आहे, मशीन चांगलं आहे पण आत्ता बंद ठेवलंय. मराठीत दोन्हीला 'चालू आहे' म्हणून आपण मोकळे होतो, आणि मग सर्व्हिस इंजिनिअरला मेल लिहिताना 'मशीन इज नॉट रनिंग' लिहितो आणि त्याला कळत नाही की बिघडलंय की नुसतं बंद केलंय. सॉफ्टवेअरमध्ये तर हा फरक फारच कामाचा, 'द प्रोग्रॅम रन्स बट इट डझन्ट वर्क' म्हणजे प्रोग्रॅम सुरू होतो, अडकत नाही, पण जे उत्तर यायला हवं ते येत नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना हे वाक्य रोज लागतं.

आणि माणसं किंवा संस्था सांभाळण्याच्या अर्थाने रन आणि मॅनेज यातही फरक आहे. 'शी मॅनेजेस द टीम' म्हटलं तर तिच्या वर अजून कोणी असू शकतं, तिचं ते पद आहे. 'शी रन्स द टीम' म्हटलं की प्रत्यक्षात सगळं तिच्या हातात आहे, पद काहीही असो. म्हणून 'ही इज द डिरेक्टर, बट हिज असिस्टंट रन्स द प्लेस' असं वाक्य होतं आणि त्यातला टोमणा सगळ्यांना कळतो. 'ऑपरेट' हा जरा कागदोपत्री शब्द, यंत्रांना आणि सेवांना शोभतो, घरगुती बोलण्यात तो फार ताठ वाटतो.

आता वाहण्याच्या अर्थाकडे येतो. नळ चालू राहिला तर 'द टॅप इज रनिंग', नाक गळतंय तर 'माय नोज इज रनिंग' किंवा 'आय हॅव अ रनी नोज', गालावरून अश्रू ओघळले तर 'टिअर्स रॅन डाउन हर चीक्स', धुताना कपड्याचा रंग गेला तर 'द कलर रॅन', अंगावर काटा आला तर 'अ शिव्हर रॅन डाउन माय स्पाइन'. 'रन अ बाथ' म्हणजे टबमध्ये आंघोळीचं पाणी सोडणं. यात मराठीत प्रत्येक ठिकाणी वेगळं क्रियापद आहे बघा, नळ चालू असतो, नाक गळतं, अश्रू ओघळतात, रंग जातो किंवा सुटतो, आणि मला वाटतं इथे मराठी जास्त नेमकी आहे, भाषांतर करताना सगळीकडे 'वाहणे' टाकून हा नेमकेपणा घालवू नये.

याचं एक उदाहरण जरा जवळून दाखवतो. एका अहवालाचा मसुदा माझ्याकडे तपासायला आला होता, त्यात मूळ वाक्य होतं 'द व्हिलेज हॅज नो रनिंग वॉटर' आणि मराठी केलं होतं 'गावात वाहतं पाणी नाही'. शब्द सगळे जागेवर आहेत. पण मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर काय येतं तर ओढा नाही, नदी नाही, असलं तर डबकं वगैरे. मूळ म्हणणं असं होतं की गावात घरोघरी नळ नाहीत, पाणी बाहेरून भरून आणावं लागतं. त्या गावाच्या कडेनं नदी वाहत असली तरी ते इंग्रजी वाक्य खरंच राहतं आणि मराठी वाक्य खोटं होतं. आणि पुढच्याच पानावर त्या नदीचा उल्लेख होता, त्यामुळे वाचणारा गोंधळणारच. 'रनिंग वॉटर' ही इंग्रजीत घराची सोय आहे, वीज किंवा संडासासारखी. म्हणून रन दिसला की नुसतं क्रियापद बघू नका, शेजारी कोण बसलंय ते आधी बघा, हे मी सारखं सांगत असतो.

शेजारी बघायचं म्हणजे काय तर दोन प्रश्न विचारायचे. रन करणारा कोण आहे, आणि रनच्या लगेच पुढे काय आलंय. करणारा माणूस आणि पुढे काहीच नाही किंवा एखादी जागा, तर बहुतेक खरंच पळणं. करणारा माणूस आणि पुढे थेट एखादी वस्तू किंवा काम, तर चालवणं, करणं, पार पाडणं: 'रन अ कंपनी', 'रन अ टेस्ट', 'रन अ मीटिंग'. 'रन अ रिस्क' म्हणजे धोका पत्करणं, 'रन अ रेड लाइट' म्हणजे सिग्नल तोडणं, 'रन अ टेंपरेचर' म्हणजे अंगात ताप असणं, हे तीन तसेच्या तसे लक्षात ठेवावे लागतात, तिथे तर्क फार लांब नेत नाही. वर्तमानपत्राने 'रॅन अ स्टोरी' म्हणजे बातमी छापली. करणारी वस्तू निर्जीव आणि ती हलू शकते, तर चालणं किंवा वाहणं.

आणि करणारी वस्तू निर्जीव आहे, हलूच शकत नाही, तरी रन आलाय, हा प्रकार मला स्वतःला सगळ्यात सुंदर वाटतो. 'द रोड रन्स अलाँग द रिव्हर', 'अ क्रॅक रॅन अक्रॉस द सीलिंग', 'द शेल्फ रन्स द लेंग्थ ऑफ द वॉल'. रस्ता कुठेही जात नाहीये, तो तिथेच आहे, फक्त आपली नजर त्याच्यावरून पुढे सरकते आणि ती गती आपण रस्त्याला देऊन टाकतो. लिओनार्ड टॅल्मी या भाषाशास्त्रज्ञाने याला काल्पनिक गती अशा अर्थाचं नाव दिलंय. आपण पण हेच करतो, रस्ता नदीकाठानं जातो, भिंतीला तडा गेलाय, फक्त आपण 'जाणे' वापरतो. भाषांतराला हे सोपं आहे, पण इंग्रजी बोलताना एक गोष्ट सांभाळा, हे वाक्य कायम साध्या काळात ठेवायचं, 'रन्स' किंवा 'रॅन'. 'द रोड इज रनिंग अलाँग द रिव्हर' म्हटलं की ऐकणाऱ्याला खटकतं कारण इंग्रजीत आयएनजी लावलं की गोष्ट आत्तापुरती होते आणि रस्ता काही आत्तापुरता नदीकाठी नाहीये.

आता तुमच्या ऑफिसातली वाक्यं घेतो. 'वी आर रनिंग लेट' आणि 'वी आर लेट' यात फरक आहे. 'वी आर लेट' म्हणजे वेळ उलटून गेली, उशीर झालेला आहे. 'रनिंग लेट' म्हणजे काम सुरू आहे, आपण वाटेत आहोत, पण वेळापत्रकाच्या मागे पडलोय. म्हणून रस्त्यात अडकलेला माणूस 'आय एम रनिंग टेन मिनिट्स लेट' असा मेसेज टाकतो, याचा अर्थ ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटं नंतर पोचेन. इथे रनच्या पुढे विशेषण आलंय, आणि असं झालं की रनचा अर्थ साधारण होणं, होत जाणं असा घ्यायचा. 'द वेल रॅन ड्राय' विहीर आटली, 'टेंपर्स वेअर रनिंग हाय' वातावरण तापलं होतं, 'माय ब्लड रॅन कोल्ड' भीतीनं रक्त गोठलं. 'रन अमक' याच घरातला, त्यातला अमक हा मूळचा मलय भाषेतला शब्द, बेभान होऊन दिसेल त्याच्यावर हल्ला करत सुटणं असा त्याचा अर्थ, आता जरा सौम्य अर्थानं सुटलेल्या पोरांनासुद्धा वापरतात.

'रन इट बाय मी' म्हणजे पुढे जाण्याआधी मला एकदा दाखव, सांग, माझं मत घे. यात 'इट' मध्येच यायला हवा, 'रन बाय मी' एवढंच म्हटलं तर माझ्या शेजारून पळत जा असं काहीतरी होतं. हे रीतसर परवानगी मागणं नाहीये, अनौपचारिक आहे, पण साहेब जेव्हा म्हणतात 'रन इट बाय मी फर्स्ट' तेव्हा ती विनंती समजू नका, न दाखवता पाठवू नकोस असाच त्याचा अर्थ आहे. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये 'रन इट पास्ट मी' पण ऐकू येईल, तेच ते. आणि 'रन दॅट बाय मी अगेन' म्हटलं तर मत द्यायचं नसतं, मला कळलं नाही, परत सांग, एवढंच.

'रन थ्रू' जरा फसवा आहे. 'लेट्स रन थ्रू द स्लाइड्स' म्हणजे स्लाइड्सवरून एकदा भरभर नजर फिरवू, उजळणी करू. पण 'द कंपनी रॅन थ्रू इट्स कॅश' म्हणजे कंपनीने होता नव्हता तो पैसा संपवला. पुढची वस्तू संपणारी आहे का, एवढंच बघायचं, पैसा, इंधन, औषधांचा साठा असं काही असेल तर संपवणं, यादी, भाषण, योजना असेल तर उजळणी.

'रन आउट' मात्र पक्का करून घ्या कारण तो दिवसातून दहादा लागतो आणि त्याची बांधणी आपल्याला उलटी वाटते. मराठीत कागद संपला. इंग्रजीत 'द पेपर हॅज रन आउट' असं म्हणता येतंच, पण जास्त करून माणसापासून सुरुवात करतात, 'वी हॅव रन आउट ऑफ पेपर'. आपल्याकडे सर्रास ऐकू येतं ते 'द पेपर इज फिनिश्ड', ते कळतं समोरच्याला, पण इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे तो असं सहसा म्हणत नाही. संपत आलंय हे सांगायला 'वी आर रनिंग आउट ऑफ टाइम'. पासपोर्टची मुदत संपते तेव्हा पण हाच, 'माय पासपोर्ट रन्स आउट इन मे'. याचे दोन भाऊ आहेत, 'रनिंग लो' म्हणजे साठा कमी उरलाय पण आहे, 'रनिंग शॉर्ट' म्हणजे जेवढं लागणार त्याला पुरणार नाही, आणि 'आउट' म्हणजे शून्य. स्टोअरच्या माणसाला मेल करताना हे तीन नीट वापरले तर बराच घोळ वाचतो.

बाकीचे पटापट सांगतो. 'रन इनटू' म्हणजे धडकणं, अचानक भेटणं, किंवा खर्चाचा आकडा अमुक इतक्यात जाणं, 'द कॉस्ट रन्स इनटू मिलियन्स'. 'रन ओव्हर' म्हणजे गाडीखाली घेणं, आणि मीटिंग 'रॅन ओव्हर' म्हणजे वेळेच्या पुढे गेली. 'रन अप अ बिल' म्हणजे बिल वाढवून ठेवणं. 'रन डाउन' म्हणजे बॅटरी उतरणं, थकून गेलेला माणूस, पडझड झालेली इमारत, आणि कुणाला 'रन डाउन' करणं म्हणजे त्याला नावं ठेवणं, पण 'गिव्ह मी अ रनडाउन' म्हणजे थोडक्यात सगळा आढावा दे. 'रन-इन' म्हणजे खटका उडणं, आणि ब्रिटिश इंग्रजीत नवीन गाडीचं इंजिन सुरुवातीला सावकाश चालवून बसवतात त्यालाही 'रनिंग इन' म्हणतात.

निवडणुकीचा अर्थ थोडा निवांत सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत माणूस निवडणुकीसाठी 'रन' करतो, ब्रिटनमध्ये 'स्टँड' करतो, 'शी रॅन फॉर द सेनेट' पण 'शी स्टुड फॉर पार्लमेंट'. मराठीत आपण निवडणुकीला उभे पण राहतो आणि निवडणूक लढवतो पण, धावत मात्र नाही, म्हणून भाषांतरात उमेदवार धावतोय असं चुकूनही येऊ देऊ नका. अमेरिकेतली निवडणुकीची भाषा शर्यतीतून आलेली आहे. 'रनिंग मेट' म्हणजे आज उपाध्यक्षपदाचा उमेदवार, पण मुळात एकाच तबेल्यातले दोन घोडे शर्यतीत उतरवायचे आणि त्यातल्या एकाने दुसऱ्याला वेग धरून द्यायचा, त्या जोडीदार घोड्याला रनिंग मेट म्हणत. 'ऑल्सो-रॅन' म्हणजे पहिल्या तीनात न आलेले घोडे, निकाल छापताना शेवटी हेही धावले म्हणून त्यांची नावं द्यायचे, आता कुठल्याही स्पर्धेत खिजगणतीत नसलेल्याला म्हणतात. 'रनर-अप' तर कुत्र्यांच्या शर्यतीतून आलाय, फक्त शेवटच्या फेरीत हरलेला कुत्रा. आणि 'रन-ऑफ' म्हणजे पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं न मिळाल्यास पुन्हा घेतलेलं मतदान, फ्रान्सच्या अध्यक्षपदाला हे असतं, पहिले दोघं दोन आठवड्यांनी परत समोरासमोर येतात. जोडचिन्ह काढून एकच शब्द केला, 'रनऑफ', तर बहुतेक वेळा ते पावसाचं जमिनीवरून वाहून जाणारं पाणी असतं, पण अमेरिकेत निवडणुकीलाही असंच लिहितात, त्यामुळे विषय बघूनच ठरवायचं.

नाम म्हणून रन आला की बहुतेक ठिकाणी सलगपणा किंवा ओघ शोधायचा. 'अ रन ऑफ बॅड लक' म्हणजे एकापाठोपाठ एक वाईट घडत जाणं, 'प्रिंट रन' म्हणजे एका वेळी छापलेल्या प्रती, 'ट्रायल रन' आणि 'ड्राय रन' म्हणजे खऱ्या कामाआधीची चाचणी. 'रन ऑफ द मिल' म्हणजे सामान्य, त्यात विशेष काही नाही असं, कारण गिरणीतून जसा माल निघाला तसाच, प्रतवारी न केलेला. 'इन द लाँग रन' म्हणजे शेवटी, पुढे जाऊन, पण अर्थशास्त्राच्या पुस्तकात भेटला तर सावध व्हा, तिथे 'शॉर्ट रन' म्हणजे असा काळ ज्यात उत्पादनाचा निदान एक घटक, उदाहरणार्थ कारखान्याचा आकार, बदलता येत नाही, आणि 'लाँग रन' म्हणजे ज्यात सगळेच घटक बदलता येतात, त्यात महिने किती वर्षं किती असं काही ठरलेलं नसतं. क्रिकेटची रन सगळ्यांना माहितीच आहे, तिथेसुद्धा चौकार मारला की बॅट्समन जागचा हलला नाही तरी चार रन मिळतातच.

'रन ऑन अ बँक' याचा अर्थ बँक चालवणं नाही, तर बँक बुडणार या भीतीनं सगळे ठेवीदार एकदम पैसे काढायला येणं. २००७ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉक बँकेबाहेर लोकांच्या रांगा लागल्या होत्या, ते या शब्दाचं जुनं, डोळ्यांना दिसणारं रूप. २०२३ च्या मार्चमध्ये अमेरिकेत सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायची मागणी झाली, ती बरीचशी फोन आणि कॉम्प्युटरवरून, तरी बातम्यांत शब्द 'रन'च होता. मराठीत याला 'बँकेवर धाव' असं लिहिलेलं मी वाचलंय, मला ते आवडत नाही, 'ठेवी काढण्यासाठी झुंबड' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला थांबावं लागत नाही.

शेवटचा प्रश्न व्याकरणाचा. 'हॅज रन' बरोबर, 'हॅज रॅन' चूक. रन, रॅन, रन, अगदी कम, केम, कम सारखं, पहिलं आणि तिसरं रूप एकच. रॅन हा फक्त साध्या भूतकाळात, एकटा, त्याच्या आधी हॅव, हॅज, हॅड, इज, वॉज यातलं काहीही असलं की रॅन येणारच नाही. 'आय हॅव रन आउट ऑफ टाइम', 'ही वॉज रन ओव्हर बाय अ ट्रक'. सगळ्यात जास्त चूक होते ती कर्मणी प्रयोगात, कंपनीच्या माहितीपत्रकात 'द स्कूल इज रॅन बाय अ ट्रस्ट' असं छापलेलं मी बघितलंय, तिथे 'इज रन बाय' हवं. यातूनच 'स्टेट-रन', 'फॅमिली-रन', 'वेल-रन' हे शब्द होतात, सरकारी, कुटुंबाने चालवलेला, व्यवस्थित चालवलेला. आणि स्पेलिंगमध्ये आयएनजी लावताना एन दोनदा येतो.

एक सवय मात्र मोडायला हवी, आपण मराठी लोक बोलताना सगळ्यालाच आयएनजी लावतो. 'माय ब्रदर इज रनिंग अ कंपनी' हे चूक नाही, पण त्यातून सध्या, तात्पुरतं असा वास येतो. कायमचं असेल तर 'माय ब्रदर रन्स अ कंपनी'. गाड्यांचंही तसंच, 'द ट्रेन रन्स एव्हरी थर्टी मिनिट्स' हे वेळापत्रक झालं, आणि 'ट्रेन्स आरन्ट रनिंग टुडे' ही फक्त आजची गोष्ट. नवीन काही ऐकलं तर वहीत नुसता 'रन' आणि अर्थ असं लिहू नका, अख्खं वाक्य लिहा, कोण रन करतंय आणि पुढे काय आलंय यासकट, कारण रनचा अर्थ त्या दोघांवरच ठरतो.